आरशासमोरचे चोवीस शब्द

वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेसिन पॅसेजमध्ये आहे. तिथे उभं राहून माझा नवरा रोज सकाळी दाढी करायचा, आणि दाढी होईपर्यंत नळ सोडून ठेवायचा. एरवी पाण्याच्या बाबतीत हा माणूस इतका काटेकोर, की भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालायला लावायचा. आमच्या सोसायटीत निम्मं वर्ष टँकर येतो. म्हणून एकदा मी विचारलं, "अहो, नळ कशाला चालू ठेवता?"

"ऐकू जाऊ नये म्हणून."

"कोणाला?"

"तुला. शेजाऱ्यांना. भिंतींना."

पाण्याच्या आवाजाआड ते इंग्रजी शब्द म्हणत. चोवीस शब्द, एका ठरलेल्या क्रमाने. आमच्या आयुष्यभराच्या बचतीला लागलेलं कुलूप त्या शब्दांनी उघडत होतं.

हे इथवर कसं आलं ते सांगायचं तर त्यांच्या नोकरीपासून सांगायला हवं. ते चिंचवडच्या एका कंपनीत खरेदी विभागात होते. जर्मनीहून, जपानहून यंत्रांचे सुटे भाग मागवायचे, हे त्यांचं काम. त्यामुळे सकाळी वर्तमानपत्रात आधी डॉलरचा भाव, युरोचा भाव, मग बाकी जग. घरात आजारी माणूस असल्यासारखे ते रुपयाबद्दल बोलायचे. "आज जरा बरा आहे." "आज पुन्हा खाली गेला." मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मला त्या भावाचं सोयरसुतक नव्हतं. मी म्हणायचे, "आपण कुठे डॉलरमध्ये भाजी आणतो?" ते म्हणायचे, "तेलाचा डबा आणतेस ना? तो डॉलरमध्येच येतो. फक्त तुला सांगत नाहीत."

या भीतीचं मूळ मात्र नोकरीत नव्हतं. ते त्यांच्या वडिलांत होतं. माझे सासरे खडकीला कारखान्यात कामगार होते. मंगळवार पेठेतल्या वस्तीत दोन खोल्या, चार मुलं. पगारातून पोटाला चिमटा काढून त्यांनी एक विमा घेतला होता. घेतला तेव्हा त्या रकमेत वस्तीबाहेर एक लहानसं घर आलं असतं, आणि तेच त्यांच्या मनात होतं. विमा पिकला तेव्हा माझे यजमान कॉलेजात होते. रक्कम ठरली होती तेवढीच मिळाली, एक पैसा कमी नाही. त्या रकमेत एक लोखंडी कपाट आलं. सासऱ्यांनी कपाट दारात उतरवून घेतलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. यांनी मला लग्नानंतर हे सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले, "कोणी चोरी केली नाही, कोणी फसवलं नाही. तरी घर गेलं. कोणावर ओरडायचं तेच दादांना कळत नव्हतं."

मुलीला जर्मनीत प्रवेश मिळाला तेव्हा ते जुनं सगळं पुन्हा जागं झालं. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हाचा हिशेब आणि प्रत्यक्ष पैसे पाठवले तेव्हाचा हिशेब यात, युरोच्या भावामुळे, बरंच अंतर पडलं. आम्ही ते भरून काढलं. पण त्या दिवसापासून माझ्या एफडीला ते बर्फाची लादी म्हणायला लागले. "सांभाळ. वितळतेय."

मग त्यांनी बिटकॉइनबद्दल वाचायला सुरुवात केली. हा माणूस झटकन काही करणारा नव्हे. साधा मिक्सर घ्यायचा तर तीन दुकानं हिंडणारा. वर्षभर वाचलं, मुलीला फोन करून शंका विचारल्या, मग थोडे थोडे घ्यायला लागले. त्यांच्या डोक्यात श्रीमंत व्हायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना फक्त एक अशी जागा हवी होती जिथे ठेवलेली वस्तू ठेवली तेवढीच राहील. भाव कोसळायचे तेव्हा मी घाबरायचे. ते म्हणायचे, "हा पडतो आणि उठतो. आपला फक्त पडतो." मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा हातात आलेल्या रकमेचा मोठा भाग त्यांनी तिकडेच वळवला.

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे नाही. तुझी लादी तुझ्याकडेच आहे."

त्या सुमारास त्यांच्या ओळखीतल्या एकाचे पैसे अडकले. ज्या ऑनलाइन बाजारात त्याने नाणी ठेवली होती, त्या बाजाराने एके दिवशी पैसे काढून देणं बंद केलं. हे सावध झाले. त्यांनी पेनड्राइव्हएवढं एक यंत्र मागवलं आणि सगळी नाणी स्वतःच्या ताब्यात घेतली. यंत्र उघडायला एक आकडा. यंत्र हरवलं किंवा बिघडलं तर चोवीस शब्द. ते शब्द योग्य क्रमाने ज्याच्याकडे, त्याचा पैसा. बँक नाही, सही नाही, वारस नाही, तक्रार करायला खिडकी नाही.

ते शब्द त्यांनी आधी कागदावर लिहिले. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, लोक स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवतात." ते म्हणाले, "म्हणजे चोर नाही नेणार, भंगारवाला नेईल." महिनाभर त्यांनी पाठांतर केलं. मग एका रविवारी दुपारी त्यांनी माझ्यासमोर गॅस पेटवून तो कागद जाळला. राख सिंकमध्ये सोडली.

"आता चोराला माझं डोकंच फोडावं लागेल," ते म्हणाले. मुलगी डिसेंबरमध्ये आली की तिच्याकडून पाठ करून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या वर्षी डिसेंबर यायच्या आत त्यांना झटका आला. सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. मी म्हटलं, "अहो, काय झालं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि त्यातून आवाज आला पण शब्द आला नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. जीव वाचला. उजवा पाय हळूहळू परत आला, हातही थोडा आला. बोलणं गेलं.

गेलं म्हणजे पूर्ण गेलं असंही नाही. त्यांच्याकडे एक शब्द उरला होता. "लॅडर."

पाणी हवं, लॅडर. पाय दुखतो, लॅडर. दिवा बंद कर, लॅडर. आवाजात सगळे चढउतार असायचे, राग असायचा, विनंती असायची, शब्द तो एकच. मला वाटलं त्यांना खरोखर शिडी हवी आहे. माळ्यावरचं काही हवं असेल. मी सोसायटीच्या रखवालदाराकडून रंगाऱ्याची शिडी आणून त्यांच्या खोलीत उभी केली. त्यांनी शिडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना वडील गेले तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तो पहिला शब्द असेल."

तेव्हा मला कळलं. ते आम्हाला काही मागत नव्हते. ते दाराशी उभे होते आणि पहिल्याच पायरीवर अडकले होते.

इस्पितळातून घरी आल्यावर काही दिवसांनी त्यांनी खुणेने यंत्र मागितलं. मी दिलं. यंत्राचा आकडा त्यांना आठवत असेल, असं मला वाटलं, आणि बहुतेक त्यांनाही. डाव्या हाताच्या अंगठ्याने ते बटणं दाबत राहिले. पण झटक्याने आकड्यांचीही मोडतोड केली होती. मनात सात असायचा आणि बोट चारवर जायचं. काही वेळा चुकीचा आकडा पडला की ते यंत्र स्वतःला पुसून टाकतं, हे मला माहीत नव्हतं. पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलं आणि यंत्र नव्या कोऱ्या वस्तूसारखं 'स्वागत' म्हणालं.

आता फक्त शब्द उरले.

आणि पैसा? पैसा होता तिथेच होता. हे मला समजायला फार वेळ लागला. मुलीकडे आमच्या नाण्यांचा पत्ता होता. तिने माझ्या फोनवर एक पान उघडून दिलं. ते पान कोणीही पाहू शकतं. त्यावर आमची सगळी नाणी दिसतात, आणि त्यांची रुपयांतली किंमत. दिसतात, पण त्यांना हात लागत नाही. रुपया घसरला की तो आकडा वाढतो. त्यांचं म्हणणं अगदी खरं ठरत होतं, दर आठवड्याला आणखी खरं. कॉलेजात पुस्तकं देता देता मी ते पान उघडायचे आणि मेलेल्या माणसाचा फोन वाजावा तसं मला व्हायचं.

बोलणं शिकवायला एक स्पीच थेरपिस्ट यायची. मुलीच्याच वयाची. ती चित्रांचे पत्ते मांडायची. ग्लास, चप्पल, गोळी. "काका, हे काय आहे?" यजमान पत्ते बाजूला सारायचे. ती खूप शांत मुलगी होती. एकदा तिने मला विचारलं, "काकू, काका रोज काही म्हणायचे का? वंदना, पाढे, असं काही? रोजची सवय कधीकधी वेगळ्या वाटेने बाहेर येते." आम्ही बौद्ध. आमच्याकडे रविवारी वंदना होते. त्या रविवारी मी त्रिसरण सुरू केलं आणि माझ्या मागे त्यांचा आवाज आला. स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता, थेट शेवटपर्यंत. म्हणून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि पाणी मागितलं. "लॅडर," म्हणाले.

त्या दिवशी आम्हाला दोघांनाही एकच गोष्ट सुचली असणार. दुसऱ्या सकाळी ते भिंतीला धरून बेसिनपाशी गेले. आरशात पाहिलं. डाव्या हाताने गालाला साबण फासला. आणि नळ सोडला.

"लॅडर," ते म्हणाले. थांबले. "लॅडर. ऑर्फन." पुन्हा थांबले. नळ वाहत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि पहिल्यांदाच मला जायला सांगितलं नाही.

त्यानंतरचा हिवाळा आणि उन्हाळा मला आठवतो तो त्या पॅसेजमधल्या आवाजाने. लॅडर, ऑर्फन, व्हेल्वेट, मँगो. मी शब्द ऐकायचे आणि लिहून मुलीला कळवायचे. आठवड्याला एखादा नवा शब्द यायचा, कधी आलेला परत जायचा. ते बेसिनपाशीच जास्तीत जास्त वेळ काढायला लागले. थेरपिस्ट आली की उठून तिकडे जायचे. 'पाणी' त्यांना अजून म्हणता येत नव्हतं. मला ते लग्नापासून 'अगं' म्हणून हाक मारायचे, ती हाक गेली होती. जेवढी ताकद परत येत होती, तेवढी सगळी त्या शब्दांना जात होती. शब्द अडला की ते आरशावर तळहात आपटायचे. एकदा मी नळ बंद केला आणि म्हटलं, "पुरे झालं हो. गेले तर गेले. आपण दोघं आहोत, माझा पगार आहे, पोरगी पाठवते." त्यांनी माझा हात बाजूला करून नळ पुन्हा सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं नाही. पुढे कधीतरी लक्षात आलं, की लोखंडी कपाटाकडे पाठ करून बसलेल्या सासऱ्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता, पण तो असाच असणार.

मुलगी खरंच पाठवत होती. तिला तिथे नुकतीच नोकरी लागली होती, त्यामुळेच त्या डिसेंबरात तिला येता आलं नव्हतं. औषधं, व्यायामाच्या बाई, थेरपिस्ट, हे सगळं तिच्या युरोंवर चालायचं. रुपया उतरला की तिच्या तेवढ्याच युरोंचे इथे जास्त रुपये व्हायचे. ज्याच्या घसरण्याला ते जन्मभर घाबरले, त्याच्या घसरण्यावर त्यांची औषधं येत होती. मी हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

पुढच्या डिसेंबरात मुलगी आली तोवर शब्द चोवीस झाले होते. ते रोज त्याच क्रमाने म्हणत, एकदाही न चुकता. त्यांचा ठाम विश्वास होता. तिने नवं यंत्र आणलं होतं. रविवार होता, हॉलमध्ये ऊन आलं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालायचा हट्ट धरला. खुर्चीत ताठ बसले. ते म्हणत गेले आणि मुलगी एकेक शब्द यंत्रात घालत गेली. यंत्र प्रत्येक शब्द घेत होतं. शेवटचा शब्द झाला. तिने बटण दाबलं.

मी तिच्या मागे उभी होते, त्यामुळे मला दिसलं. यंत्राने ते सगळे शब्द मिळून चुकीचे ठरवले होते. त्यांच्या बाजूने यंत्राची पाठ होती. ते आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहत होते.

"उघडलं," मी म्हटलं.

मुलीने मान वर केली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"उघडलं हो. सगळं आहे."

मग ती म्हणाली, "हो बाबा. उघडलं." तिचा आवाज जरा फाटला, पण तो आनंदानेही फाटला असता.

त्यांनी डोळे मिटले. छातीतून इतका लांब श्वास सोडला की मला भीती वाटली. नंतर त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि माझं मनगट धरून ठेवलं.

संध्याकाळी मुलगी भाजी निवडायच्या निमित्ताने माझ्याजवळ आली. "आई, हे काय केलंस?"

"मला माहीत नाही."

"त्यांनी कधी पाहायला मागितलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

तिने सांगितलं की ही यंत्रं ज्या दोनेक हजार शब्दांतून चोवीस निवडतात, त्या यादीतलेच हे सगळे शब्द आहेत, म्हणजे त्यांचा मेंदू त्या यादीच्या आसपासच आहे, पण काही ठिकाणी खऱ्या शब्दाच्या जागी त्याचा शेजारी येऊन बसला असावा. नदीच्या जागी तळं, असं. आणि त्यांना स्वतःला तो फरक कधीच कळणार नाही. तिने परत गेल्यावर कॉम्प्युटरवर एकेक शब्द बदलून पाहिला, मग दोन-दोन बदलून. तिथलं मशीन कित्येक दिवस चालू होतं. शेवटी तिचा फोन आला. "नाही गं आई."

पण त्या रविवारनंतर पॅसेजमधला आवाज थांबला. सोमवारी सकाळी त्यांनी नळ जरासा सोडला, चेहरा धुतला आणि बंद केला. घरात इतकी शांतता झाली की मी मिक्सरच्या आवाजाने दचकायला लागले. थेरपिस्टने पत्ते मांडले तर ते बसून राहिले. आणि थोड्याच आठवड्यांत, आमटीचा पहिला घास घेऊन त्यांनी चमचा खाली ठेवला आणि अगदी पूर्वीच्या कोरड्या स्वरात विचारलं, "मीठ... महाग झालं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग मीठ घेऊन आले.

शब्द येत गेले. पाणी आलं, गोळी आली, 'अगं' आलं. लॅडर हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्यानंतर ऐकला नाही. तो माझ्याकडे आला. पुस्तकांचं कपाट आवरताना, पोळ्या लाटताना तो सगळा क्रम माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतो. त्यात एक जागा अशी आहे जिथे मला दरवेळी अडखळायला होतं. वाटतं, इथेच असेल चूक. त्यांच्या पूर्वीच्या पुटपुटण्यातला, पाण्याआडून आलेला एखादा आवाज आठवतोय असं वाटतं, आणि तो हाती लागायच्या आत नळच ऐकू यायला लागतो. फोनवरचं ते पान मी अजून काढून टाकलेलं नाही. मुलीला सांगितलंय की काढलं.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी एके सकाळी ते म्हणाले, "विहार. अभ्यासिका. पंखे. दे."

त्यांच्या लहानपणच्या वस्तीतल्या विहारात मुलांसाठी अभ्यासाची खोली आहे. तिथे उन्हाळ्यात बसवत नाही, असं त्यांचा धाकटा भाऊ सांगून गेला होता. पंखे, टेबलं, दिवे हवे होते. मी विचारलं, "किती द्यायचे?" त्यांनी दोन्ही हात पसरले. भरपूर. आता काय, आपल्याकडे आहेत.

मी माझी एफडी मोडली. बँकेतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, मुदत अजून संपलेली नाही. व्याज कमी मिळेल. नक्की?" मी म्हटलं, "नक्की." पैसे खात्यात यायला दुपारही झाली नाही. कोणी मला पाठ केलेला एकही शब्द विचारला नाही.

उद्घाटन म्हणजे काही मोठं नव्हतं. वंदना झाली, चहा झाला. खोली पोरांनी आणि त्यांच्या आयांनी गच्च भरली होती, उकाड्याने जीव जात होता. दिरांनी यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मी घाबरले. ते काठी टेकून उभे राहिले. सगळीकडे पाहिलं. बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, "आधी... पंखे लावा."

लोक हसले, कोणीतरी बटणं दाबली आणि सगळे पंखे एकदम फिरायला लागले. ते पंख्यांकडे मान वर करून पाहत राहिले. त्यांचा चेहरा त्या वेळी फार तरुण दिसत होता.

परत येताना आम्ही रिक्षा केली. बंडगार्डनचा पूल मागे पडला तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझे?" त्यांनी विचारलं.

एकच शब्द. पुढे काही येईल म्हणून मी थांबले, आलं नाही. तुझे पाय दुखतात का, तुझे डोळे का असे दिसतात, तुझे कोण कोण भेटले तिथे? त्यांच्या अर्धवट वाक्यांचा शेवट मला रोज लावावा लागतो आणि पुष्कळदा चुकतो. पण ते माझ्याकडे ज्या पद्धतीने पाहत होते, त्यात मला दुसरा कुठला शेवट सुचला नाही.

"आपले," मी म्हटलं.

त्यांनी हात काढला नाही. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. खराडीच्या अलीकडे नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, आणि आम्ही दोघं आपापल्या बाजूने बाहेर बघत बसून राहिलो.